वजन बहात्तर किलो

यंत्राला गुंडाळणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! निदान त्या सकाळी तरी मला तसं वाटत होतं.

तीस वर्षं सिगारेट ओढली मी आणि फुप्फुसाचा कॅन्सर झाला बायकोला. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. तिला जाऊन आता आठ महिने होतील. तेव्हापासून मुलीचा एकच धोशा, "बाबा, छातीचा सीटी स्कॅन करून घ्या. मला आता तुम्हीच उरलात." शेवटी मुलीबरोबर गेलो.

फॉर्म भरताना भिंतीवरची पाटी दिसली, 'किरणांची मात्रा वजनानुसार.' म्हटलं, वजन कमी लिहिलं की किरणं कमी! एकशे आठच्या जागी ठोकलं बहात्तर. अगदीच खोटं नव्हतं हो, लग्नात तेवढंच होतं!

स्कॅनवाल्या बाईंनी फॉर्म पाहिला, मला पाहिलं, पुन्हा फॉर्म पाहिला.

"काका, बहात्तर?"

"हाडं हलकी आहेत माझी."

"दिसतीलच आता."

मी पोत्यासारखा आडवा झालो. श्वास घेतला, रोखला, सोडला. यंत्र गुरगुरलं. बाई तणतणत आत आल्या.

"पडद्यावर नुसती वाळू दिसतेय! खरं वजन सांगा."

"एकशे आठ."

"अहो काका, वजन बघून लागतात तेवढी कमीत कमीच किरणं देतो आम्ही. त्याहून कमी दिली तर दिसणार काय, कपाळ? झोपा परत. वाचवायला गेलात आणि दोनदा घेतलीत!"

दारातून मुलीनं सगळं ऐकलं. "बाबा! आई असती तर..."

"आई असती तर फॉर्म माझ्या हातात दिलाच नसता," मी म्हणालो.

ती हसली आणि मग भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

तासाभरानं डॉक्टरांनी बोलावलं. "फुप्फुसं स्वच्छ आहेत. काही नाही."

"नीट बघा. फोटो माझाच आहे ना?"

"एवढं पोट दुसऱ्या कुणाचं नाही आज!"

मुलीनं माझा हात घट्ट धरला आणि ढसाढसा रडली. आठ महिन्यांत पहिल्यांदा आनंदानं. मीही डोळे पुसले. तीस वर्षं धूर मी सोडला, आणि गेली ती तिची आई. तिला वाटलं, दोघांचं रडू एकच आहे. मीही तसंच वाटू दिलं. त्या दिवशीचं दुसरं खोटं. हे मात्र कुणी पकडलं नाही.