किसननानांचं गेट

कुणी वाचलंच तर ऱ्हस्व-दीर्घाला माफी असावी. चौथीनंतर शाळा सुटली, आणि माझं अक्षर कधी कधी मलाच लागत नाही. पण शेजारच्या किसननानांबद्दल तोंडाने सांगायला लाज वाटते, म्हणून लिहिते.

नाना चाकणच्या एका कंपनीत गेटवर होते. रिटायर झाले आणि गेट तळवड्याला घरी घेऊन आले. दारात खुर्ची, गळ्यात शिट्टी. मी वाटीभर साखर मागायला गेले तरी विचारणार, "खोकला? शिंका? घरी कोण कोण हाय?" मग साबणाने हात धुवायचे, मगच आत. गणपतीची वर्गणी मागायला आलेल्या मंडळालाही त्यांनी रांगेत हात धुवायला लावले.

कारण त्यांची बायको, शेवंताकाकू. मागच्या पावसाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला, छाती अधू झाली. पुन्हा झालं तर जड जाईल, दोघांनी फ्लूची लस घ्या, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. मी काकूंकडे रोज जाते, म्हणून नानांनी मलाही लस टोचायला नेलं.

मला रात्री कणकण आली, दंड सुजला. नानांना काहीच नाही. सकाळी ते मला पुरावा म्हणून घेऊन परत दवाखान्यात.

"बाई, माझी लस बाद हाय. हिला ताप आला, मला न्हाई."

"ताप नाही आला म्हणून लस बाद होत नाही, नाना. रक्तातल्या पेशी आपली राखण करतात. वय झालं की त्या सावकाश जाग्या होतात. जुना रोग ओळखतात, नव्याला वेळ लावतात. नव्या पेशीही कमी तयार होतात. म्हणून लस घेऊनही जपायचं."

नानांचा चेहरा उजळला. "म्हंजे म्हातारे गार्ड. जुन्या चोराला लांबनं वळखत्यात, नव्याला सलाम ठोकून आत सोडत्यात. आन् भरती बंद."

"तसंच काहीसं."

"मग गेटवर मीच बसतो."

थंडीत नेमका नानांनाच खोकला लागला. त्यांनी खुर्ची उचलून जिन्याखाली नेली, ताडपत्री बांधली आणि तिथेच मुक्काम टाकला. काकू जाळीच्या दारातून ओरडायच्या, "अवो, आत या, गारठून जाल."

"गेटपास न्हाई."

"घर तुमचंच हाय न्हवं?"

"मालकालाबी रूल लागू."

मग काकूंनी दाराशी स्टूल ओढलं. मी दोघांना चहा देई. ते जिन्याखाली, त्या जाळीआड, आणि गप्पा संपत नसत. काकू मला हळूच म्हणाल्या, "शिफ्ट आन् ओव्हरटाइममधी सगळी वर्षं गेली बाई. एवढं कधी बोललंच न्हाईत."

खोकला गेला. काकूंना साधी शिंकही आली नाही. डॉक्टरबाईंनी होकार दिल्यावर नाना दारात येऊन उभे राहिले. काकूंनी कडी काढली नाही.

"खोकला?"

"न्हाई."

"शिंका?"

"न्हाई."

"घरी कोण कोण हाय?"

नाना शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "तूच."

काकूंनी कडी काढली आणि साबण पुढे केला.