आप्पांचा चार वाजताचा केक

राजारामपुरीतल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये पावसात छत्री धरून केक भाजणारा एकच माणूस आहे. माझ्या शेजारच्या फ्लॅटमधले शिवलिंग आप्पा. गॅलरीत एका स्टुलावर गोल इलेक्ट्रिक ओव्हन, दुसऱ्यावर आप्पा. छत्री ओव्हनवर. आप्पा भिजतात.

"मी वाळतोय की," म्हणतात. "केक न्हाय वाळत."

आप्पा मूळचे कुरुंदवाडचे. तरुणपणी शारजाच्या एका वर्कशॉपमध्ये लेथ मशीनवर होते. तिथं खोलीत जोडीदार मिळाला सियालकोटचा युनूसभाई. सुट्टीच्या दुपारी हा गृहस्थ साधा बदामाचा केक करायचा, दूधपत्ती, म्हणजे नुसत्या दुधातला चहा, उकळायचा आणि आजूबाजूच्या खोल्यांतल्या सगळ्यांना बोलवायचा. बाकीचे लोक तिकडून टेपरेकॉर्डर घेऊन आले. आप्पा केक शिकून आले.

लेथवरचा हात असल्यामुळं केकवर पसरायचे बदामाचे काप ते व्हर्निअरनं मोजतात. "दीड एमएम. जाड ऱ्हायलं की कच्चं लागतंय, पातळ झालं की करपतंय."

रोज चार वाजले की अपार्टमेंटमधले चौघंपाचजण आप्पांकडं केकला जमायचे. चहाचेही नियम आहेत. त्यात पाण्याचा थेंब नाही. किटलीतून कपात, कप बशीत. आणि केक चहात बुडवायचा नाही. खालच्या मजल्यावरच्या पाटलांनी एकदा बुडवला. आप्पांनी शांतपणे त्यांची बशी उचलली आणि पुढं खारी ठेवली.

"ही बुडवा. हिचा जन्म त्यासाठीच हाय."

ओव्हन गॅलरीत का, तर आप्पांच्या पत्नी सरोजाक्का. पक्क्या शाकाहारी. अंडं किचनच्या उंबऱ्याच्या आत येणार नाही, हे त्यांनी पहिल्याच केकला सांगितलं होतं. त्यांनी जन्मात त्या केकचा कण खाल्ला नाही. पण भिजलेले बदाम त्याच सोलून द्यायच्या, चार वाजता कपबशाही त्याच मांडायच्या, आणि स्वतः ग्लुकोजचं बिस्किट घेऊन आप्पांशेजारी बसायच्या.

दोन वर्षांपूर्वी सरोजाक्का गेल्या. मुलगी बेळगावला असते. त्या पावसाळ्यात मी न राहवून म्हणालो, "आप्पा, आता ओव्हन आत घ्या की."

आप्पा छत्रीची दांडी फिरवत बसले.

"किचन तिचं हाय, सर," म्हणाले.

तेव्हापासून मी हा विषय काढला नाही. हळूहळू मंडळीही कमी झाली. पाटील मुलाकडं पुण्याला गेले. वरच्या मजल्यावरच्या कुलकर्णीबाईंना शुगर निघाली. एकदोघांना 'आज जमणार नाही' म्हणायची सवय लागली. मीही त्यांतलाच.

गेल्या रविवारी मला इचलकरंजीला जावं लागलं. परतलो तेव्हा साडेसहा वाजून गेले होते. आप्पांचं दार सताड उघडं होतं. डोकावलो तर टेबलापाशी आप्पा, इस्त्रीचा शर्ट घालून, वरचं बटण लावून. समोर चार कपबशा पालथ्या. केक तसाच, सुरी शेजारी. किटलीतल्या चहावर जाड साय धरलेली.

"कोणी आलं नाही?"

"येतील की. लोकांस्नी कामं असत्यात."

"मग तुम्ही तरी घ्यायचा."

"एकट्यानं कसा कापायचा?" आप्पा म्हणाले. "शारजात एकदा युनूसभाई आजारी पडलाता. केक मी केला, पर कोण आलं न्हाय. मी म्हटलं, मी खातो. तर म्हणाला, बैठ, किसी को आने दे. मग आमी बसलो. शेवटी वॉचमन आला."

"मग मी आज वॉचमन," म्हणत मी बसलो. आप्पा हसले नाहीत. उठून चहा पुन्हा गरम करून आणला, केक कापला आणि मोठा तुकडा माझ्या बशीत ठेवला. मी खाईपर्यंत ते नुसते बघत राहिले.

"बरा झालाय?"

"झकास झालाय."

मग त्यांनी स्वतःचा तुकडा घेतला. भुकेलेले होते, हे खाण्यावरून कळत होतं. बशी रिकामी झाल्यावर टेबलावरचा चुरा बोटानं गोळा करत, माझ्याकडं न बघता म्हणाले, "उद्या चारला हाय न्हवं तुमी?"

उद्या चारला माझ्या क्लासची बारावीची बॅच असते.

"हाय की," मी म्हणालो.