परबांना न पटलेला घोडा

जादूगाराने एका रात्रीत महाल उभा केला, एवढं वाक्य आलं की वसंत परब पुस्तकावर हात आडवा ठेवायचे. "गवंडी खंय गेले? भिंतींक पाणी कोणी मारलां?"

आमचं अद्भुत वाचन मंडळ दर रविवारी सकाळी भांडुपला परबांच्याच खोलीत भरे. सभासद तीन: परब, मुलुंडच्या शाळेतल्या सुलभाबाई आणि मी. वाचनालयातून एकच पुस्तक आणायचं आणि पाळीपाळीने मोठ्याने वाचायचं. सुलभाबाईंना राजकन्येचा विरह लागे, मला राक्षस आणि लढाया. परबांना दोन्हींचा कंटाळा. हा माणूस उभा जन्म गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम होता. संप होऊन दोन वर्षं झाली तरी त्यांची गिरणी उघडली नव्हती. ज्या राज्यात कोणी घाम गाळत नाही, ते राज्य त्यांच्या डोक्यात शिरतच नसे.

"मग या मंडळात बसता कशाला?" मी एकदा तोंडावर विचारलं.

"भांडाक कोणीतरी व्हया मेल्या. रिकामो बसान काय करू?"

मंडळाचा नियम एकच, आणि तोही परबांनीच घातलेला. एकाने हात आडवा केला आणि तो मागे घेतला नाही, तर पुस्तक तिथेच बंद. पुढचं कोणी चोरून वाचायचं नाही. आम्ही तो इमानाने पाळायचो. मूर्खपणासुद्धा माणूस काय निष्ठेने करतो!

परबवहिनी सभासद नव्हत्या. त्यांना वाचता येत नसे. मोरीजवळ तांदूळ निवडत त्या ऐकायच्या. राक्षस आला की सुपातला हात थांबायचा. इतकं मन लावून आमच्यापैकी एकही ऐकत नव्हता.

उडत्या घोड्याचं पुस्तक सुलभाबाईंनी आणलेलं. राजकन्या सात डोंगरांपलीकडे कोंडलेली, घोडा तिला पाठीवर घेऊन माहेरी निघाला, आणि परबांचा हात आडवा.

"राजकन्या, तिचे दागिने, वर ते पंख! ह्यो घोडो खाता तरी काय?"

"अहो, गोष्ट आहे ती!" सुलभाबाई कडाडल्या.

"गोष्ट झाली म्हणून काय झालां?"

दोनच प्रकरणं राहिली होती. मोरीजवळून वहिनी म्हणाल्या, "ती पोचता काय नाय, तेवढां तरी वाचा." परब हटले नाहीत. पुस्तक परत गेलं.

महिन्याभरात वहिनींना कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत त्या गेल्या. मूलबाळ नव्हतं. गमतीचं लिहायला बसलो की मध्येच हे लिहावं लागतं, याचा मला अजून राग येतो.

दहाव्याला खाडीकाठी पिंड मांडला. इच्छा मागे राहिली की कावळा शिवत नाही म्हणतात. समोरच्या भिंतीवर कावळे ढिगाने बसले होते, पण एकही खाली उतरेल तर शपथ. धाकट्या दिराने हात जोडले, "वहिनी, दादाक मी बघतंय." भाचा म्हणाला, "मामी, गणपतीक गावाक जातलंव." कावळे ढिम्म. तासाभराने भटजींनी दर्भाचा कावळा वळायला घेतला.

तेव्हा परब माझ्याकडे वळले. "तो घोडो पोचता रे?"

मला ठाऊक नव्हतं. नियम पाळला होता ना! "माहीत नाही," म्हणालो. तिथे सरळ खोटं बोलायला हवं होतं, ते मला सुचलं नाही. त्याची लाज अजून वाटते.

परब पिंडासमोर उकिडवे बसले आणि स्वतःच सांगू लागले. पहिला डोंगर, दुसरा डोंगर. राजकन्येला तहान लागली तर ढगाने ओंजळीत पाणी घातलं. थंडी वाजली तर घोड्याने पंख पांघरले. मध्येच ते तिचं नाव विसरले आणि वहिनींचं माहेरचं नाव घेऊन पुढे गेले.

पाचव्या डोंगरापाशी भटजींनी दर्भाचा कावळा पिंडाला लावला. "झालं, आंघोळी करा." लोक उठले, धोतरं झटकू लागले. दिराने परबांच्या खांद्यावर हात ठेवला.

"थांब रे," परब म्हणाले, "ती अजून वाटेर आसा."