तपासणाऱ्याची सही

समोरच्या फ्लॅटमधल्या वाघमारेकाकांच्या घरात साध्या मिक्सरलाही ओळखपत्र आहे. वायरला बांधलेला पुठ्ठ्याचा बिल्ला आणि त्यावर दोन ओळी: ‘जोडणारा’, ‘तपासणारा’. काकांनी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात आयुष्यभर वायरिंग केलं. तिथला दंडक असा, की आपलं काम आपणच तपासलं म्हणून सही करायची नाही. म्हणून घरात जोडणारे काका आणि तपासणाऱ्या सुमनकाकू. काकू शाळेत शिक्षिका होत्या. प्लग जरा वाकडा दिसला तर सही नाही म्हणजे नाही! नवऱ्याला लेखी नापास करायचा अधिकार असलेली सगळ्या हडपसरात ही एकच बायको.

गेल्या वर्षी काकूंना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला. लेक-नात इंदूरला. रोज संध्याकाळी पाचला नात ओवी व्हिडिओ कॉलवर मराठीचा धडा वाचते आणि काकू चुका सांगतात. दिवसभर त्या त्याचीच वाट बघत पडलेल्या असतात. पण त्यांची खोली पडली अगदी मागे. तिथे ओवी अर्ध्या शब्दावर तोंड उघडं ठेवून थिजायची.

मी आयटीतला, त्यामुळे शहाणपणा केलाच. “काका, मेश वायफाय घ्या. तीन डबे, घरभर रेंज. वायरची भानगडच नाही.”

“वायर नाही?” काकांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. “बघू या तुमचा चमत्कार.”

डबे बसले. हॉलमध्ये झकास! पण तीन भिंतींपलीकडच्या मागच्या डब्यालाच धड रेंज पोचेना, तो पुढे काय वाटणार? ओवी थिजलेलीच. “पलंग हॉलमध्ये आणू या,” मी म्हणालो. आतून अडखळत, पण ठणकावून आवाज आला, “मला... प्रदर्शनात ठेवू नका.”

“हवेच्या भरवशावर कारखाना चालत नसतो,” म्हणत काका शिडीवर चढले. सत्तरीचा माणूस! हॉलमधल्या डब्यापासून मागच्या डब्यापर्यंत त्यांनी केबल ओढली, छताखालून, चौकटीवरून, पांढऱ्या पट्टीत बसवून. मी खाली शिडी धरून. इतकी सरळ केबल आमच्या कंपनीत कुणी टाकलेली नाही, आणि हे मी कंपनीत छाती काढून सांगितलंय.

पाच वाजले. ओवीने अख्खा धडा न थिजता वाचला. काकूंनी तीन चुका काढल्या. काय खूश होत्या चुका सापडल्या म्हणून!

काकांनी नव्या बिल्ल्यावर आपली सही केली. “तपासणाऱ्याची मी करतो,” मी पेन मागितलं.

“अहो, शिडी तुम्ही धरलीत. तुम्हीही कामातलेच. चालणार नाही.”

तेव्हा कुठे माझं लक्ष गेलं. नवी इस्त्री, गीझर, काकूंच्या उशाची घंटी, वर्षभरातल्या प्रत्येक बिल्ल्यावर दुसरी ओळ कोरीच होती.

काकूंनी डावा हात पुढे केला. काकांनी बिल्ल्याखाली वही धरली. ‘सुमन’ एवढंच लिहायला पाच मिनिटं लागली, आणि शेवटचं अक्षर पार ओळीखाली घसरलं.

मग काका बाहेर जाऊन इस्त्री घेऊन आले आणि तिचा कोरा बिल्ला त्यांनी काकूंसमोर धरला. “मॅडम, उद्या ही. घाई नाही. रोज एकच तपासा.”

आणि माझ्याकडे पाठ करून, डब्यापाशी खाली उतरलेली, आधीच सरळ असलेली केबलची पट्टी पुन्हा अंगठ्याने दाबत उभे राहिले.