सासूबाईंसोबतची सक्षम व्यक्ती

"उद्या एकवीस किलोमीटर, एक तास पंचावन्न मिनिटं! एक सेकंद वर गेला तर नाव बदलीन!"

शरच्चंद्र तावड्यांनी ही गर्जना चारकोपच्या आपल्या बिल्डिंगच्या गेटवर केली, तेव्हा ऐकायला वॉचमन आणि पहिल्या मजल्यावरचे धोंडिराम जाधव एवढेच होते. बाकीची बिल्डिंग तावडे लिफ्टमध्ये दिसले की हल्ली जिन्यानं जायची. सहा महिन्यांपूर्वी या गृहस्थांनी बूट घेतले आणि तेव्हापासून त्यांच्या लेखी जग दोनच प्रकारच्या माणसांचं झालं. धावणारे एकटे तावडे आणि उरलेले आळशी!

"आज काय मग, सराव?" धोंडिरामांनी भिडेखातर विचारलं.

"छे! आदल्या दिवशी संपूर्ण विश्रांती! पाय उशीवर! त्याला शास्त्र आहे जाधव, तुम्हाला नाही कळायचं. उद्या सव्वासहाला नाक्यावर उभे राहा, माझा फोटो काढा. मी थांबणार नाही, पटकन काढा!"

तेवढ्यात मागून बायकोचा आवाज आला. "अहो, चला! गाडी आली!"

सुगंधाताईंच्या हातात टॉवेलांनी फुगलेली पिशवी होती. मागोमाग सोळा वर्षांची जान्हवी आणि तिचा हात धरून आजी. शेवंतीबाई, वय एकाहत्तर, मुक्काम मालवण. सोमवारी त्या परत जाणार होत्या आणि नातीनं त्यांना 'धमालनगरी' हे वॉटरपार्क दाखवायचं कबूल केलं होतं.

"मी येतो," तावडे करवादले, "पण बाकावर बसणार. दिवसभर. मला उठवायचं नाही!"

धमालनगरीत शिरताच त्यांची मान ताठ झाली. "बघ जरा ही जनता! भाड्याचे नायलॉनचे कपडे, सकाळी दहाला समोसे! यातला एक तरी शंभर मीटर पळेल का?"

"त्यांना कोण पळवतंय?" सुगंधाताई म्हणाल्या. "मजा करायला आलेत बिचारे."

इतक्यात शेवंतीबाईंनी आभाळात चढलेल्या निळ्या घसरगुंडीकडे बोट केलं. "माका थंय जावचा आसा!"

घसरगुंडीखाली पाटी होती: 'साठ वर्षांवरील व्यक्तींसोबत एक सक्षम व्यक्ती असणे आवश्यक.' सुगंधाताईंना स्टुलावर चढलं तरी चक्कर येते. जान्हवीला अठरा पूर्ण नाहीत. शिट्टीवाल्या माणसानं चौघांवर नजर फिरवली आणि विचारलं, "यांच्यासोबत सक्षम कोण आहे?"

दुसरा कोणीही जावई असता तर म्हणाला असता, पाठ धरलीय. पण तावड्यांची जीभ वळेना. सहा महिने जगाला अशक्त ठरवल्यावर आता कुठल्या तोंडानं मागे सरणार?

"मी!" ते म्हणाले. अगदी छाती काढून म्हणाले.

घसरगुंडीला एकशे बारा पायऱ्या होत्या आणि दोघांची रबरी ट्यूब सक्षम व्यक्तीनं डोक्यावरून वर न्यायची होती. खाली यायला अकरा सेकंद लागले. शेवंतीबाई पाण्यातून उठल्या त्याच मुळी ओरडत. "चला, परत एकदा जावया!"

"आई, पुरे आता..."

"दमलास?"

"मी? दमलो? अहो, मी धावतो!"

आणि तावडे पुन्हा चढले. सात वेळा चढले! सातव्या खेपेला ट्यूब डोक्यावरून गळ्यात घसरली आणि ते कुंडीत लावून पाणी घालायला विसरलेल्या झाडासारखे दिसू लागले. मग गोल फिरणारी होडी झाली. मग भुताची गुहा. तिथे शेवंतीबाई भुताला म्हणाल्या, "बरो आसस मां?" आणि तावडे दचकून खांबावर आपटले.

दुपारी, शर्यतीच्या शास्त्राप्रमाणे आणलेला उकडलेल्या बटाट्यांचा डबा लॉकरमध्ये राहिला आणि या शास्त्रज्ञांनी भुकेपोटी चार समोसे हाणले. सकाळी दहाला खाणं वाईट, दुपारी तीनला खाल्ले तर बहुधा चालत असावेत.

शेवटी पावसाच्या फवाऱ्यांत नाच. माइकवाला ओरडला, "एक हटके जोडी पाहिजे!" शेवंतीबाईंनी जावयाला मनगट धरून मध्यभागी ओढलं. दुसऱ्याच ठेक्याला तावड्यांच्या डाव्या पोटरीत गोळा आला. ते एका पायावर उड्या मारत किंचाळले, "मेलो! मेलो!" लोकांना वाटलं, स्टेप आहे. अख्खी धमालनगरी एका पायावर उड्या मारत "मेलो! मेलो!" करू लागली. वन्स मोअर मिळाला. दोनदा!

परतीच्या गाडीत ते कण्हत म्हणाले, "माझी शर्यत बुडवलीत तुम्ही."

"बाकावर बसणार होतात ना?" सुगंधाताईंनी विचारलं. "नाही म्हणायला काय झालं होतं?"

"सक्षम व्यक्ती लिहिलं होतं तिथे!"

"आणि तेवढ्यावर तुम्ही चढलात!"

तावड्यांनी पाय सीटवर घ्यायचा प्रयत्न केला. मांडी हलत नव्हती आणि पहिल्यांदाच त्यांना उद्याची खरी भीती वाटत होती.

सकाळी शर्यत सुटली. तावडेही सुटले, म्हणजे बाकीचे पुढे गेल्यामुळे ते मागे उरले. पाठीवर सॅक घेतलेला आजोबांचा एक गट गप्पा मारत त्यांच्या पुढे निघून गेला. चारकोप नाक्याजवळ पोहोचेपर्यंत पावणेसात वाजले होते आणि मागे फक्त रस्त्यावरचे नारिंगी कोन गोळा करणारी मंडळी होती. त्यातली एक मुलगी जाकिटातली त्यांची पाठ पाहून, त्यांना आपल्यातलेच समजून, वैतागून म्हणाली, "काका, किती हळू! सातला रस्ता खुला करायचाय. हे धरा!" आणि तिनं सहा कोनांची चळत त्यांच्या हातात दिली.

"अहो, मी..." तावडे सांगणार होते. पण समोर, एका हातात दुधाची पिशवी आणि दुसऱ्या हातात फोन धरून, धोंडिराम उभे होते. सव्वासहापासून!

तावड्यांनी झटकन जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून छातीवरचा नंबर झाकला.

"तावडेसाहेब? तुम्ही पळणार होतात ना?"

"पळतात हो सगळेच! व्यवस्थाही कोणीतरी बघायला नको?"

"हे मात्र खरं," धोंडिराम मनापासून म्हणाले. "मग तो आडवा पडलाय, तोही घ्या."

तावडे वाकले. वाकले ते वाकलेच. शेवटी धोंडिरामांनी दुधाची पिशवी दुभाजकावर ठेवली, आधी कोन उचलला आणि मग तावड्यांना.