नातवाचं नाव काय

लोकांना नावं ठेवायला अक्कल लागत नाही, ती कुणीही ठेवतं. पण लोकांचं नाव ठेवायला मात्र पाटीवालेच लागतात! हे मत खुद्द पाटीवाल्यांचं होतं, आणि ते दिवसातून एकदा कुणाला तरी ऐकवल्याशिवाय त्यांचा चहा पचत नसे.

बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्यांचं दुकान होतं. पितळेच्या पाट्या कोरायच्या, घासूनपुसून चकचकीत करायच्या आणि लोकांच्या दारावर ठोकून द्यायच्या, हा धंदा. बंदर म्हटलं की देशोदेशीची माणसं आलीच, आणि माणूस कुठलाही असो, दारावर नाव लागतंच. पाटीवाले हत्याराला हात लावण्याआधी विचारायचे, "नावाचा अर्थ काय तुमच्या?" गिऱ्हाइकाला सांगता आला तर ठीक. नाही आला, तर त्याच्या देशाच्या दोनचार माणसांना गाठून ते स्वतः अर्थ शोधायचे आणि पाटी देताना त्याला ऐकवायचे. अशाने त्यांच्या डोक्यात जगभरच्या पुरुषांच्या नावांचं कोठार झालं होतं. फिलिप म्हणजे घोड्यांवर जीव असलेला. कॅल्विन म्हणजे टकला. पॉल म्हणजे लहानखुरा. लेव म्हणजे एका भाषेत सिंह आणि दुसऱ्या भाषेत चक्क हृदय!

एकदा एका वकिलाला त्यांनी भर दुकानात सांगितलं, "साहेब, तुमच्या नावाचा मूळ अर्थ वाकडं नाक!" वकीलसाहेब पाटी न घेताच निघून गेले.

"नाक मुरडून गेले," रात्री जेवताना पाटीवाले बायकोला म्हणाले, "म्हणजे अर्थ बरोबर होता!"

तर अशा या माणसाच्या मुलीला मुलगा झाला. मुलीने दवाखान्यातल्या खाटेवरूनच जाहीर करून टाकलं, "नाव माझे बाबा ठेवणार!" पाटीवाल्यांची छाती अशी फुगली की सदऱ्याचं वरचं बटण तुटलं. जन्मभर दुसऱ्यांची नावं कोरली, पण एकही त्यांनी स्वतः ठेवलेलं नव्हतं. मुलीचं ठेवायची वेळ आली तेव्हा सासूबाई आडव्या आल्या होत्या. आता ही शेवटची संधी, ती सोडायची नाही!

फक्त एक अडचण होती, ती म्हणजे विहीणबाई. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. उभं आयुष्य हजेरी घेण्यात गेलेलं. जावई जहाजावर, दूर समुद्रात. त्यामुळे मुलाच्या बाजूने जे काही बोलायचं ते त्याच बोलत.

"व्याहीबुवा, नाव कसं हवं?" त्या खुर्चीत ताठ बसून म्हणाल्या. "हजेरीत एका दमात पुकारता आलं पाहिजे! माझ्या वडिलांचं नाव काय वाईट आहे?"

"वाईट कसलं! पण रस्त्यात त्या नावाने हाक मारली तर निम्मा रस्ता मागे वळून बघेल."

"बरं. मग येत्या रविवारी सगळे जमू तेव्हा तुमचं नाव सांगा. नाही जमलं तर माझं नाव पक्कं!"

"जमलं नाही तर?" पाटीवाले हसले. "अहो, आमच्याकडे नावांचा काय तोटा!"

तोटा नव्हताच. तोटा होता तो बायकोच्या सहनशीलतेचा.

पहिल्याच दिवशी ते दुकानातून धावत आले. "अगं, सापडलं! उत्तरेकडच्या एका थंड देशातलं नाव आहे. अर्थ बघ, दिवस! अंधार संपला, उजाडलं! केवढा अर्थ!"

"पण नाव काय?"

"डाग!"

बायको बाळाचे कपडे धूत होती. तिने हातातलं दुपटं वर करून दाखवलं. "हे काय मग? रोज चार निघतात. अजून एक कुठे ठेवू?"

दुसऱ्या दिवशी पाटीवाले पुन्हा हजर. "बाळ शुक्रवारचं ना? आफ्रिकेत एका भाषेत शुक्रवारी जन्मलेल्या मुलाला खास नाव आहे! कोफी!"

"कॉफी?"

"कॉफी नव्हे गं, कोफी!"

"तुम्ही अंगणात उभं राहून 'कोफी, ये रे' म्हणा. बाळ नाही येणार, शेजारीण कप घेऊन येईल!" आणि बायको इतकी हसली, इतकी हसली, की मुलगीही आतून हसायला लागली आणि बाळ रडायला लागलं.

पाटीवाल्यांना हे फार लागलं. अर्थाची किंमत नाही या घरात! नुसतं नाव कानाला कसं लागतं ते बघतात! त्यांनी तिथल्या तिथे शपथ घेतली: आता नाव सापडलं तर त्याचा चकार शब्द तोंडातून काढायचा नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, एकटं असतानाही नाही. भिंतीला कान असतात, आणि विहीणबाईंना तर भिंतीपेक्षा जास्त. थेट पितळेवर कोरायचं आणि रविवारी सगळ्यांसमोर फडकं काढायचं!

आणि नाव सापडलं. दुकानात एक धिप्पाड, हसरा माणूस आला. पॅसिफिक महासागरातल्या कुठल्याशा बेटाचा, बंदरात होड्या दुरुस्त करणारा. पाटीवाल्यांचं घासायचं मशीन घरघरत होतं, एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. मग त्या माणसाने टेबलावरच्या पितळेच्या भुकटीत बोटाने त्याच्या लिपीतली तीन अक्षरं काढली आणि खिडकीतून समोर दिसणाऱ्या समुद्राकडे हात केला. मग हाताने बाळ झुलवल्यासारखं केलं. समुद्र! त्यांच्याकडे मुलाचं नाव समुद्र ठेवतात! बाप जहाजावर, आजोबांचं दुकान बंदरावर, आणि नातू समुद्र! पाटीवाल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी दुकानाचं दार लावून घेतलं, दुकानातला सगळ्यात जाड पितळेचा तुकडा काढला आणि आपल्या लिपीत दोनच अक्षरं खोल, ठसठशीत कोरली. तोंडाने एकदाही उच्चारली नाहीत. शपथ म्हणजे शपथ!

शनिवारी बाळाला दीड महिन्याची लस टोचायला न्यायचं होतं. मुलगी बाळाला घेऊन आत डॉक्टरीणबाईंकडे गेली आणि बाहेर नाव नोंदवायच्या खिडकीपाशी पाटीवाले उभे राहिले. आतल्या परिचारिकेने मान वर न करताच विचारलं, "बाळाचं नाव काय?"

पाटीवाले दचकले! "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"काय कोणी सांगितलं?"

"हेच! काय!"

"अहो, मी नाव विचारतेय."

"तुम्ही तर आधीच सांगितलंत की!"

"मी? काय सांगितलं?"

"तेच!" पाटीवाले खिडकीत वाकून कुजबुजले. "बाई, हे उद्यापर्यंत कुणाजवळ बोलू नका. फुटलं तर माझी विहीण..."

परिचारिकेने पेन खाली ठेवलं. "आजोबा," ती मोठ्याने, एकेक शब्द सोडवत म्हणाली, "बा-ळा-चं ना-व का-य?"

"हो! हो! तेच! ओरडू नका ना!"

रांगेतले लोक हळहळले. "बिचारे," एक बाई म्हणाल्या, "अजिबात ऐकू येत नाही त्यांना." परिचारिका उठली, बाहेर आली, पाटीवाल्यांचा दंड प्रेमाने धरला आणि त्यांना थेट कानाच्या डॉक्टरांच्या खोलीत नेऊन बसवलं. 'बायकोनेच पाटी चोरून बघितली आणि फोडलं असणार,' याच विचारात असल्यामुळे पाटीवाले गेलेही.

कानाचे डॉक्टर मवाळ माणूस होते. "मी तुमच्या मागे उभा राहून हळू बोलतो. जे ऐकू येईल ते तसंच्या तसं म्हणायचं. घर."

"घर."

"खुर्ची."

"खुर्ची."

"आता जरा मोठं वाक्य. बाळाचं नाव काय?"

"बाळाचं नाव काय," पाटीवाले म्हणाले.

आणि ते तसेच थिजले. ते नाव पहिल्यांदाच त्यांच्या स्वतःच्या तोंडातून बाहेर पडलं होतं आणि स्वतःच्या कानात गेलं होतं. त्यांच्या डोळ्यांसमोर एकामागून एक सगळं उभं राहिलं: नातू शाळेत उभा आहे, बाई विचारतायत, नाव काय? नातू म्हणतोय, हो! त्याला बाकावर उभं केलंय! नातू बँकेत, नातू लग्नात, नातू म्हातारा होऊन याच डॉक्टरांसमोर! अरे देवा! आणि ते दुकानात पितळेवर खोल कोरून ठेवलेलं. पितळेवरचं काही पुसता येत नाही.

"छान!" डॉक्टर पुढे येऊन म्हणाले. "तुमचे कान तर एकदम ठणठणीत आहेत."

दारात मुलगी बाळाला घेऊन उभी होती. मागे परिचारिका आणि निम्मी रांग. कान ठणठणीत असतील तर मग खिडकीपाशी जे बोललो ते काय, हे आता सगळ्यांना समजावून सांगावं लागणार होतं. पाटीवाले जन्मात कधी माघार घेणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी कानामागे तळहात धरला.

"काय म्हणालात? जरा मोठ्याने बोला!"

त्या क्षणापासून पाटीवाले बहिरे झाले. संध्याकाळपर्यंत सगळ्या नातेवाइकांना खबर लागली. रविवारी जो तो दारातून आत येत होता तो त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडत होता. "अभिनंदन!" "तब्येत सांभाळा!" एका मेहुण्याने तर वाफ घ्यायचं मशीनच आणलं. बायको मात्र ओरडली नाही. ती स्वयंपाकघरातून हलक्या आवाजात एवढंच म्हणाली, "चहा हवाय का कुणाला?" आणि पाटीवाल्यांचा हात आपोआप वर गेला. तिने नुसतं बघितलं. चहा काही दिला नाही.

बाळ सकाळपासून रडत होतं. सगळे बसले. मधोमध टेबल, टेबलावर फडक्याखाली पाटी. पाटीवाल्यांनी रात्रभर विचार केला होता. पाटी हरवली म्हणावं? मग विहीणबाईंचं नाव पक्कं! नाही! अर्थ मोठा आहे, अर्थ समजावून सांगू. ते उठले, खाकरले आणि फडकं काढलं.

मेहुण्याने डोळे बारीक करून वाचलं. "काय?"

"हो," पाटीवाले छाती काढून म्हणाले.

"अहो, काय?"

"तेच नाव! अर्थ समुद्र! एका बेटावरच्या भाषेत..."

"काय काय म्हणतायत हे?" मागच्या मावशी ओरडल्या.

"एकदाच! काय काय नाही, नुसतं काय!"

आता मात्र हसण्याचा जो भडका उडाला तो आवरेना. मेहुणा खुर्चीवरून घसरला. पाटीवाले घामाघूम होऊन समुद्र, लाटा, जावई, जहाज असं काय काय बोलत राहिले, पण कोण ऐकतंय! विहीणबाई उठल्या. त्यांनी एक टाळी वाजवली आणि खोली गप्प झाली.

"झालं ना, व्याहीबुवा? आता नाव मी ठेवते." त्या पाळण्याशी गेल्या आणि हजेरीच्या आवाजात आपल्या वडिलांचं नाव खणखणीत पुकारलं.

बाळाने टाहो फोडला. त्यांनी पुन्हा पुकारलं. बाळ निळंजांभळं झालं. तिसऱ्यांदा पुकारल्यावर बाळ जे किंचाळलं, त्याने विहीणबाईंसारख्या विहीणबाईही घाबरल्या. हजेरीचा आवाज कुठल्या कुठे गेला. पाळण्यावर वाकून त्या काकुळतीला येऊन म्हणाल्या, "काय रे? काय रे माझ्या राजा?"

बाळ थांबलं. त्याने डोळे उघडले, आजीकडे बघितलं आणि तोंडभर हसलं.

विहीणबाईंनी चोरट्या नजरेने आजूबाजूला बघितलं, आणि हळूच पुन्हा म्हणाल्या, "काय?"

बाळाने पायही झाडले!

मुलीने कपाळावर हात मारला. "अहो आई! जन्मल्यापासून आपण सगळे त्याला हेच तर म्हणतोय! काय रे, काय झालं, काय हवं! त्याला वाटतं आपलं हेच नाव आहे!"

पाटीवाले आनंदाने आरोळी ठोकणार होते. त्यांनी पाटी उचलली, दोन्ही हातांनी उंच धरली, आणि बाळ दचकेल म्हणून आरोळी गिळून ती खोलीभर सगळ्यांना फिरवून दाखवली. त्यांचं नाव! त्यांनी ठेवलेलं! विहीणबाईंनी बाळाला उचलून घेतलं, पदराने त्याचं तोंड पुसलं आणि थंडपणे म्हणाल्या, "एवढं फुगायला नको, व्याहीबुवा. नाव आम्ही सगळ्यांनी केव्हाच ठेवलं होतं. तुम्ही फक्त पाटी केलीत."

आणि बायकोने आतून, अगदी हळू आवाजात विचारलं, "आता तरी चहा हवाय का?"

"हवाय!" पाटीवाले म्हणून गेले. सगळ्यांनी वळून त्यांच्या कानांकडे बघितलं.

हल्ली दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक भिंतीवरच्या बाळाच्या फोटोकडे बघतं आणि विचारतंच, "नातवाचं नाव काय?"

पाटीवाले पितळेवरून मान वर करत नाहीत. "हो," एवढंच म्हणतात. मग ते गिऱ्हाईक जवळ येऊन त्यांच्या कानात ओरडतं.