उकळलेली नदी

डोळे मिटा बरं, बाळांनो, आणि एक नदी मनात आणा. काही महिने वाहणारी, उरलेले महिने कोरडीठाक. नुसते दगड, वाळू आणि भेगाळलेला गाळ. आता सांगा, ती मेली की झोपली?

मुंगी नावाच्या मुलीच्या आत्यापुढे हाच प्रश्न होता. आत्या नद्यांची तब्येत तपासायची. दुसऱ्या दिवशी मोठे साहेब यायचे होते. ‘नदी मृत’ म्हणून त्यांनी सही केली, की पात्रात भराव पडून ट्रकतळ होणार होता.

आत्या मात्र निर्धास्त! पात्रातला सुका गाळ तिने काचेच्या बरणीत भिजत घातला होता. गाळात निजलेली अंडी फुटली होती आणि तिळाएवढे जीव पाण्यात गिरक्या घेत होते.

“साहेबांच्या नाकासमोर बरणी धरायची, की काम फत्ते!” असं म्हणून ती खुशाल झोपली.

सकाळी बरणी आरशासारखी लखलखत होती.

“वहिनी! हे काय?”

मुंगीची आई दवाखान्यात नर्स. “अहो वन्सं, तब्येत दाखवायची आणि पाणी असं गढूळ? दोनदा उकळलं, चौपदरी फडक्यातून गाळलं. एक जीव शिल्लक नाही!”

“आणि गाळ?”

“कुंडीत घातला.”

“तोही उकळून?”

“मग काय, कच्चा घालते होय?”

आत्या मटकन खाली बसली.

पात्रात साहेबांनी बरणी उन्हात धरली. “पाणी उत्तम आहे.”

वहिनींची मान ताठ!

“पण मॅडम, जीव कुठे आहेत?”

आत्या घाईने म्हणाली, “नवा गाळ भिजवते, साहेब. पंधरा दिवस द्या.”

“पंधरा दिवस? तिकडे ट्रकवाले माझा जीव खातायत!” साहेबांनी पेन काढलं.

तेवढ्यात, इतका वेळ दगडाखाली उकरत बसलेली मुंगी धावत आली. नदी आटली की ओल खाली जाते आणि ओलीमागे जीवही जातात, हे तिला आत्यानेच शिकवलं होतं. तिने साहेबांच्या तळहातावर एक गोगलगाय ठेवली. शंखाचं तोंड झाकणाने घट्ट बंद.

साहेब दचकले, पेन खाली पडलं. “मेलीय ही!”

“दार लावून झोपलीय. हलू नका हं.” मुंगीने बरणीतलं थोडं पाणी त्यांच्या ओंजळीत ओतलं.

साहेब पुतळ्यासारखे उभे. ड्रायव्हर येऊन वाकला. वहिनी पुटपुटल्या, “हिची नाडी कुठे बघतात हो, वन्सं?” ऊन चढत गेलं.

मग झाकण किंचित किलकिलं झालं.

“आई गं!” साहेब कुजबुजले, “गुदगुल्या होतायत!”

“मग नदी मृत ना, साहेब?” आत्याने हळूच विचारलं.

“ते राहू द्या हो! आधी हिला कुठे ठेवू ते सांगा!”

मुंगीने वाळूतलं पेन उचललं, झटकलं, टोपण लावलं आणि आपल्या खिशात टाकलं.